शिक्षा सहा महिन्यांची होती

प्रति,
सांगली, मिरज आणि विश्रामबाग भागातले हॉस्पिटलमालक डॉक्टर, मेट्रन मॅडम आणि भरतीचं काम बघणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

मी स्टाफ नर्स आहे. जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन अठरा वर्षं झाली. गेल्या चौदा महिन्यांत तुमच्यातल्या अकरा जणांच्या टेबलासमोर मी बसून आलेय, त्यामुळे पत्र वाचताना काहींना चेहरा आठवेल. नाव मुद्दाम घातलेलं नाही. ते लपवायचं म्हणून नव्हे, तुमच्या मेट्रन मंडळींच्या फोनवर ते कधीच फिरून झालंय. पण तुमच्यापैकी कुणाचं नाव मी घेणार नाही, तर माझंही नको.

नर्सिंग कौन्सिलकडचं माझं रजिस्ट्रेशन, म्हणजे नर्स म्हणून काम करायची परवानगी, सहा महिन्यांसाठी सस्पेंड झालं होतं. मुदत संपली, रजिस्टरवर नाव परत आलं. त्यानंतर आजपर्यंत हॉस्पिटलची नोकरी मिळालेली नाही. माझ्याबद्दल दोन-तीन गोष्टी बाजारात फिरतात. पेशंट दगावला, असं एक. इंजेक्शनं बाहेर विकली, असं दुसरं. ही दुसरी मला माझ्याच नणंदेनं ऐकवली. तेव्हा आधी काय झालं ते माझ्याकडून ऐका. ऐकून मत वाईट झालं तर होऊ दे, निदान खऱ्यावरून होईल.

नाइट ड्यूटी होती. अठ्ठावीस बेडचा जनरल वॉर्ड, मी आणि एक ट्रेनी मुलगी. तासगावकडच्या एक आजी पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या. रात्रीच्या जेवणाआधी मिक्स इन्सुलिन वीस युनिट, अशी ऑर्डर. आमच्या मेडिकलमध्ये त्या दिवशी बाटली संपली होती, म्हणून आजींचा मुलगा बाहेरून घेऊन आला. तुम्हाला हे शिकवायला नको, पण पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते: आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत एका मिलीला ४० युनिट, दुसरीत १००. चाळीसच्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या बाटलीसाठी केशरी टोपणाची. आमच्या वॉर्डात कायम चाळीसचीच बाटली यायची आणि ट्रेमध्ये लालच सिरिंजा असायच्या. मी बाटलीवरचं नाव वाचलं, एक्स्पायरी वाचली, आकडा वाचला नाही. लाल सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं. वीसची रेघ म्हणजे अर्धा मिली. शंभरच्या बाटलीतलं अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट.

रात्री एकच्या सुमाराला मुलगा टेबलापाशी आला, म्हणाला, आई कशीतरीच करतीय. आजी घामानं भिजल्या होत्या, हात गार, बोलणं तुटक. शुगर केली, ३८. मी ट्रॉलीकडं गेले, बाटली उचलली आणि लेबलावरचं १०० दिसलं. तेवढ्यात आर.एम.ओ. सर, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, आले. त्यांनी विचारलं, "सिस्टर, जेवल्या नव्हत्या का?" सरांनीच मला वाट काढून दिली, असं म्हणणं सोपं आहे. त्यांनी प्रश्न विचारला होता. उत्तर मी दिलं. "नाही सर, जेवल्या नाहीत." आणि नर्सेस नोट्समध्ये तसंच लिहिलं.

पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली गेली, शुगर वर आली, आजी बोलायला लागल्या. सर झोपायला गेले. जेवण चुकलं म्हणून शुगर उतरली असेल तर एवढं पुरतं. पण मिक्स इन्सुलिनचा असर चार तासांत संपत नाही, रात्रभर चालतो, आणि ते वॉर्डात फक्त मला माहीत होतं. अडीचला मी एकदा शुगर केली, ९२. नंतर एक ॲक्सिडेंटचा पेशंट आला, त्यात गुंतले. सव्वाचारला आजींना झटका आला. शुगर ३१.

आजी चार दिवस आय.सी.यू.त होत्या आणि नंतर चालत घरी गेल्या. मी एकच्या सुमाराला खरं बोलले असते तर डेक्स्ट्रोजची सलाईन चालू राहिली असती, तासातासाला शुगर झाली असती, आणि तो झटका आला नसता. आकडा वाचायचा राहिला ही चूक मी एकदा केली. तिचं आय.सी.यू. झालं ते माझ्या नोट्समधल्या एका ओळीमुळं.

ती ओळ उघडी कशी पडली, तर मुलानं आईला स्वतः भरवलं होतं. अर्धी भाकरी आणि आमटी. फाइलची झेरॉक्स हातात आल्यावर त्यानं ते वाचलं आणि तक्रार केली. पुढं बऱ्याच महिन्यांनी मी त्यांच्या गावी जाऊन आले. त्यानं चहा दिला. म्हणाला, "चूक समदीच करत्यात ओ. पन म्या माझ्या हातानं भरीवलेलं तुमी न्हाई म्हणून लिवलं." मी खाली मान घालून बसले होते. आजी आत कपडे घड्या घालत होत्या. त्यांनी मला ओळखलंही नाही.

आता मी खोटं का बोलले, ते. इथं थोडं सावकाश वाचा, कारण हा भाग तुमच्याशी संबंधित आहे. त्याच्या वर्षभर आधी, त्याच वॉर्डात, एका ज्युनिअर मुलीनं शेजारच्या बेडची अँटिबायोटिक भलत्याच पेशंटला लावली. अर्ध्या तासात तिच्याच लक्षात आलं, तिनंच बंद केली, तिनंच इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. पेशंटला काहीसुद्धा झालं नाही. दुपारी बाराच्या आत ती मुलगी बॅग घेऊन गेटबाहेर होती. ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसात जमा होती, ती सोडवून घ्यायला तिला तीन चकरा माराव्या लागल्या. आम्ही बाकीच्या सगळ्याजणी त्या दिवशी ओव्हर देता-घेता एकमेकींशी फार बोललो नाही. जे शिकायचं ते शिकून झालं होतं. मी ते माझ्या पाळीला वापरलं.

हे निमित्त म्हणून सांगत नाही. महापूर आणि कोविडचंही काढणार नाही, नर्सच्या पत्रात ते असतंच म्हणून. २०१९ च्या पुरात मीही ड्यूटीवर होते, आणि त्याचा त्या बाटलीवरच्या आकड्याशी काही संबंध नाही.

कौन्सिलनं मला बोलावलं, म्हणणं ऐकलं, मी तिथं सगळं कबूल केलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला जायचं, दुसऱ्या रात्री परत, असं दोनदा झालं. कौन्सिलच्या हातात नुसत्या ताकिदीपासून रजिस्टरमधून नाव कमी करण्यापर्यंत अधिकार असतात. त्यांनी सहा महिने दिले. चुकीचा डोस आणि खोटी नोंद, दोन्ही ऑर्डरमध्ये लिहिलंय, आणि खोट्या नोंदीबद्दल जास्त कडक शब्द आहेत. ते बरोबरच आहे. माझी कौन्सिलबद्दल काही तक्रार नाही. मी कधीच परत वॉर्डात जाऊ नये असं त्यांना वाटलं असतं तर तसं लिहायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

त्या सहा महिन्यांत मी तासगाव रोडला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जात होते. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा पडलेला वेगळा, काड्या बाजूला. इतकी वर्षं शिरा शोधलेली बोटं, त्यामुळं हात चालायचा. शेडवरच्या बायकांना मी नर्स आहे हे कळल्यावर रोज दुपारी डब्याच्या वेळेला बी.पी. बघायचा आग्रह व्हायचा. मी बघत नव्हते. मशीन पिशवीत होतं, तरी बघत नव्हते. त्यांना ते शिष्टपणाचं वाटलं असणार.

त्याच काळात तुमच्यातल्या एका सरांचा निरोप आला. "रजिस्ट्रेशन नाही तर नसू दे, नाइटला या, निम्मा पगार देतो, रजिस्टरला रिसेप्शनिस्ट म्हणून लावू." मी नाही म्हटलं. घरात दोन दिवस भांडण झालं त्यावरून, कारण शेडवर दिवसाला तीनशे मिळत होते.

पुढं रजिस्ट्रेशन परत आलं. आता ऐका. दुसऱ्या एका हॉस्पिटलातून फोन आला. मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही यायची गरज नाही हो. सर्टिफिकेटची कॉपी द्या, आम्ही स्टाफ लिस्टला नाव लावतो, महिन्याला दोन हजार घरबसल्या." म्हणजे पहिल्यांना माझे हात चालत होते, कागद नसला तरी. दुसऱ्यांना माझा कागद चालतोय, हात नको. नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे आणि त्याला पात्र नर्स लागते ती रजिस्टरवर नाव असलेली. भिंतीवर सर्टिफिकेट कुणाचं आणि वॉर्डात सलाईन कोण लावतंय, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सहा महिन्यांचं क्लास केलेली किंवा नुसतं बघून-बघून शिकलेली मुलगी आठ-नऊ हजारांवर तुमचा वॉर्ड सांभाळते. गुणी मुली आहेत त्या, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण त्यांच्या हातून चूक झाली तर कौन्सिलला काढायला त्यांचं नाव रजिस्टरवरच नाही. मग "सस्पेंड झालेली बाई आमच्या पेशंटला धोका" हे वाक्य मला कुठल्या तोंडानं ऐकवता?

सगळ्यांनी असं केलं नाही, हेही सांगते. बहुतेक ठिकाणी झालं ते फार साधं आहे. बायोडाटा बघतात, मान हलवतात, "मिरजेतलाच अनुभव, छान" म्हणतात. मग बोट मधल्या मोकळ्या जागेवर येतं. "हे काय, इथं काही नाही?" मी सांगते. पेन खाली ठेवलं जातं. टोपणसुद्धा लावलं जातं, हे मी एवढ्या वेळा पाहिलंय की आता टोपणाचा आवाज झाला की मी पर्स उचलते. "कळवतो." अकरापैकी एकानंही ऑर्डर बघायला मागितली नाही. चार पानं आहेत. वाचायला दहा मिनिटं लागतात.

चुकले, एकानं मागितली. मिरजेच्या बाहेर बारा बेडचं हॉस्पिटल, वयस्कर सर. त्यांनी चष्मा पुसून चारही पानं वाचली. मग विचारलं, "आज परत असंच झालं, मध्यरात्री, तर पहिला फोन कुणाला कराल?" मी म्हटलं, "तुम्हाला, आणि नातेवाइकांना तुमच्यासमोर सांगीन." ते म्हणाले, "आणि मी ओरडलो तर?" मी म्हटलं, "ओरडा." ते हसले. नोकरी तिथंही मिळाली नाही, हॉस्पिटल आता मुलगा बघतो आणि त्याला नको होतं. पण त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर पहिल्यांदा असं वाटलं, की नाही म्हणणाऱ्यानं आधी ऐकून तरी घेतलं.

एका ठिकाणी घ्यायला तयार होते, पण "तुमचं असं झालंय म्हणून" अकरा हजार. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिन्याला किमान २०,००० द्यावेत, असं तिनं सुचवलं. सुचवलं ते कागदावरच राहिलं, मला ठाऊक आहे. पण दंड बसवायचा अधिकार कौन्सिलचा होता, त्यांनी बसवला. पगारातून दुसरा दंड कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

एका मेट्रन मॅडमचं बोलणं मात्र मनाला लागलं, कारण त्या खरं बोलल्या. "बाई, मला तुमचं सगळं पटतंय. पण उद्या काही झालं, तुमच्या हातून नाही, दुसरीच्या हातून झालं, तरी सर मलाच विचारणार, हिला कुणी घेतलं." मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. म्हणून हे पत्र मेट्रनपेक्षा जास्त मालकांना आहे.

लोक सल्ले देतात. पुण्याला जा, तिथं कोण ओळखतंय. म्हणजे परत लपवा. एकदा लपवून झालंय माझं. गल्फला जा. बाहेर जायचं तर कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट लागतं, आणि विचारलं की झालेली कारवाई सांगावी लागते. सरकारी भरतीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मी ४१ पूर्ण केली. आणि मी जाऊ का? मिरजेत विल्यम वॉन्लेसनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं आहे. कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यालासुद्धा कुठला डॉक्टर कशाचा हे पाठ असतं. नर्सला इथं काम मिळत नसेल तर कुठं मिळायचं?

आणि लपवायचे दिवस तसेही संपत आलेत. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा झालाय, त्यात देशभरातल्या नर्सेसचं ऑनलाइन रजिस्टर ठेवायचं आहे. उद्या कुणावर काय कारवाई झाली हे एका बटणावर दिसायला लागलं, तर तुम्हाला ते वाचून ठरवायला शिकावं लागेल. दिसलं की मिटवलं, असं करत राहिलात तर पोरी काय करतील ते मी वर लिहिलंय. आज रात्री तुमच्या वॉर्डात कुणाच्या तरी हातात चुकीची सिरिंज असेल. तिच्या लक्षात आल्यावर तिच्याकडं दोन मिनिटं असतील. त्या दोन मिनिटांत तिला कौन्सिल आठवणार नाही, तिनं कौन्सिल पाहिलेलीच नाही. तिला मी आठवेन. माझं काय झालं ते मिरजेतल्या प्रत्येक चेंजिंग रूममध्ये सांगितलं जातं. शिक्षा भोगून आली, खरं सांगत फिरते, आणि चौदा महिने घरी बसलीय. हे ऐकलेली मुलगी आर.एम.ओ.ला काय सांगेल?

मला काय हवंय, तर फार नाही. मुलाखतीत ऑर्डर मागा आणि वाचा. मग नाही म्हणा, चालेल, पण "कळवतो" नको. घेतलंत तर पहिले तीन महिने एकटीला नाइट देऊ नका. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम अशी धोक्याची औषधं देताना दुसऱ्या सिस्टरनं बाटली आणि सिरिंज बघून सही करावी. माझ्यासाठी म्हणून सुरू करा आणि सगळ्यांसाठी चालू ठेवा, कारण त्या दोन बाटल्या आजही एकाच फ्रीजमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि टोपणाचा रंग रात्री तीन वाजता सगळ्यांना सारखाच दिसतो. पगार मात्र बाकीच्या स्टाफचा तोच. आणि तुमच्याकडची कुणी आपणहून चूक सांगायला आली तर तिला त्या दिवशी घरी पाठवू नका. हे शेवटचं माझ्या नोकरीत धरू नका. मला घेतलं नाहीत तरी एवढं करा.

सध्या मी विश्रामबागला एका आजोबांकडं असते, ब्युरोमार्फत. ब्युरोनं रजिस्ट्रेशन विचारलंच नाही, त्यांच्या लेखी मी "बारा तासांची बाई". आजोबांना दोन वेळा इन्सुलिन आहे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या सूनबाईंना बोलावलं आणि म्हटलं, बाटलीवरचा आकडा तुम्ही मोठ्यानं वाचा. त्यांना वाटलं मला दिसत नाही. आता सवय झालीय. कुकरची शिट्टी चालू असते, त्या पोळपाटावरून हात न काढता मान वळवून बाटली बघतात आणि म्हणतात, "चाळीस." मी सिरिंज दाखवते, म्हणते, "लाल." मग भरते. आजोबा आतून विचारतात, "झाली का तुमची आरती?"

परवापासून मी परत फिरायला सुरुवात करतेय, सांगली-मिरज रोडपासून. सकाळी अकरानंतर येईन, राउंड उरकलेले असतात म्हणून. ऑर्डरची चार पानं फाइलमध्ये सगळ्यात वर लावलीत. बायोडाटा त्याच्याखाली आहे.

आपली नम्र,
एक स्टाफ नर्स, मिरज